तळगावकर बाईंचं आभारप्रदर्शन

कोंडवलीच्या वाचनालयात सहा संगणक होते, सहाही मोडीत निघालेले. ग्रंथपाल तळगावकर बाईंनी महिनाभर चुकत-शिकत त्यांच्यावर लिनक्स चढवलं. कुणीही घ्यावं, वापरावं, हवं तसं बदलावं, अशी ती विनामूल्य प्रणाली. संगणक टुणटुणीत चालू लागले.

उद्घाटनाला वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब आले. 'विनामूल्य' ऐकताच त्यांनी नाक मुरडलं आणि तासभराच्या भाषणात ठणकावलं, "फुकट मिळतं त्यात काही दम नसतो! उद्याच हे डबे भंगारात घाला." वाचकांचे चेहरे पडले.

आभार मानायला बाई उठल्या. आवाज अगदी गोड.

"भाऊसाहेबांनी एवढं मोठं भाषण केलं आणि मानधनाचा एक रुपयाही घेतला नाही. पण फुकट मिळतं त्यात दम नसतो, हेही तेच म्हणाले. आता आम्ही त्यांचं ऐकावं की ऐकू नये, तेवढं त्यांनीच सांगावं."

सभेत खसखस पिकली. भाऊसाहेबांनी सत्काराचा नारळ या हातातून त्या हातात घेतला, घसा खाकरला आणि माईक ओढून म्हणाले, "बाई, संगणक राहू द्यात. भंगारात माझं भाषण घाला."