लिंपलेलं बीळ

"…आणि ज्याला जे लागत नाही ते त्याला दिसूच नये, यात वावगं काय, महाराज?"

अभिराम देवस्थळी भिंतीला टेकून ऐसपैस बसला होता. लहानपणी याच मठात, शिवलिंग स्वामींपुढे त्याने अक्षरं गिरवली. आता तो घरी वापरायच्या ऑक्सिजन यंत्रांची माहितीपुस्तकं लिही, आणि या नव्या पुस्तकावर तर स्वारी भलतीच खूश होती.

मूळ मजकूर एकच. प्रत्येक परिच्छेदाला टॅग: हा नर्ससाठी, हा मेकॅनिकसाठी, हा घरच्यांसाठी. संगणकावर टॅग बदलून निवडला की त्याच मजकुरातून निराळं पुस्तक निघे. गिऱ्हाईक पाहून पुडी बांधावी, तसं. घरच्यांची पुडी त्याने मुद्दाम हलकी ठेवली होती. आजाऱ्याच्या घरात आधीच धास्ती, तिच्यात भर कशाला?

अडून बसली होती त्याची सहकारी निलोफर. यंत्राजवळ दिवा, उदबत्ती लावू नये, आग भडकते, ही सूचना त्याने नुसत्या नर्सच्या टॅगखाली टाकली होती. निलोफर म्हणे, तिन्हीसांजेला आजाऱ्याच्या उशाशी दिवा नर्स लावत नाही, घरची सून लावते. अभिराम म्हणे, नर्स सांगेल की तिला. वाद मिटेना, तेव्हा तो 'माझ्या गुरूंना विचारून येतो' म्हणाला आणि निघाला. पुस्तक आज संध्याकाळी छापायला जायचं होतं.

स्वामींनी सगळं ऐकून घेतलं.

"नर्स रोज येते?"

"यंत्र बसवतात त्या दिवशी येते."

"मग…?"

"मग घरचेच बघतात."



तेवढ्यात मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या काशव्वा बाजारातून परतल्या. पिशवी खाली ठेवून त्या भिंतीशी टेकायला गेल्या, तसा स्वामींनी हात आडवा केला.

"काशव्वा, जपून. सकाळी त्या बिळातून नाग निघालाय."

अभिराम ताडकन उठला. बीळ त्याच्या पाठीशीच होतं.

"पाहुण्याला जागा बरी दिलीत की," काशव्वा म्हणाल्या आणि पिशवी उचलून आत गेल्या.

"महाराज, मी मघापासून तिथंच टेकलोय… मला का नाही सांगितलंत?"

"तू घटकाभराचा पाहुणा. उगाच घाबरला असतास."



अभिरामने वाकून पाहिलं. जमिनीलगत बीळ होतं खरं, पण तोंडाशी दगड ठोकून वरून लिंपलेलं. माती अजून ओली होती. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या घेरालाही ती लागली होती.

"हे तर बुजवलेलं आहे…"

"हो," स्वामी म्हणाले. "आधी लिंपलं. मग गप्प बसलो."