चिकटलेली पट्टी

“मग काय करू, बाई? हातपाय बांधू का त्यांचे?”

शैलाने चप्पलसुद्धा काढली नव्हती. दारातूनच विचारलं.

सगुणाबाई मेथी निवडत होत्या. मान वर केली नाही.

“कोणाचे?”

“रसूलचाचांचे. ते शिंपी. मोटारसायकलवाल्याने पाय सोलून काढलाय त्यांचा. जखम चिघळलीय. ड्रेसिंगला गेलं की पांघरूण घट्ट दाबून धरतात. आज माझ्या ट्रेला लाथ मारली. चांगल्या पायाने.”

“चांगल्या पायाने मारली ना? म्हणजे डोकं ठिकाणावर आहे माणसाचं.”

शैला हसली नाही.

सगुणाबाई उबाळे म्हणजे जुन्या काळच्या मेट्रन. गावातल्या निम्म्या नर्स त्यांच्या हाताखाली रडतरडत शिकल्या. आता गुडघे गेलेत. दवाखान्यामागच्या गल्लीत एका खोलीत राहतात. आणि शैला थोरवे ही त्यांच्या हाताखाली शिकलेली सगळ्यात हुशार पोरगी. सर्जरी वॉर्डाची इन्चार्ज. शीर सापडेना की डॉक्टर तिला हाक मारतात, आणि हे ती कुणाला विसरू देत नाही. पण शैला वाईट नाही. वाईट माणूस वॉर्डात टिकत नाही, ते ऑफिसात खुर्ची शोधतं.

“सोमवारपर्यंत जखम साफ दिसली नाही तर पाय घोट्याच्या वर कापणार,” शैला म्हणाली. “पायाने मशीन चालवणारा माणूस तो. आणि उलट मलाच विचारतो, तू वैरीण का माझी?”

“तू काय म्हणालीस?”

“ट्रेनिंगमध्ये शिकवलं तेच. शहरातून एक साहेब आले होते, पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवायला. हसायचं. नाव घेऊन बोलायचं. ‘तुमचं दुःख मी समजू शकते’ असं म्हणायचं. म्हणाले मी.”

“मग?”

“चाचा म्हणाले, समजतं तर ओढते कशाला?”

बाई हसल्या. चांगल्या पोट धरून हसल्या. मेथीची काडी हातातून पडली.

“हसा तुम्ही! वॉर्ड भरलेला. हाताखाली दोनच पोरी, त्यातली एक कायम आजारी. मी एका झटक्यात पट्टी काढते. कळायच्या आत निघते.”

“कोणाला कळायच्या आत?”



शैला उसळून म्हणाली, “भिजवून काढायची, हे मलाही माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत. पण ती सुटेपर्यंत थांबायला वेळ कुठाय?”

“आणि त्यांच्याशी भांडायला?”

“...अर्धी सकाळ जाते.”

बाईंनी मेथीची परडी बाजूला सरकवली. तेव्हा त्यांचं लक्ष शैलाच्या उजव्या हाताकडे गेलं. तळव्याला गॉजची पट्टी होती. मळलेली. रक्त वाळून कडक झालेली.

“हे काय?”

“काही नाही. इंजेक्शनची काच फोडताना लागली.”

“कधी?”

“झाले तीनचार दिवस.”

“आणि बदलली नाहीस? इन्चार्ज ना तू?”

“चिकटलीय.” शैला दुसरीकडे बघत म्हणाली. “हात लावला की जीव जातो.”

“आण इकडे. एका झटक्यात काढते.”

बाईंनी हात पुढे केला मात्र, शैलाने आपला हात मागे ओढला आणि ओढणीत गुंडाळून पोटाशी घट्ट धरला.



शैलाने हळूच ओढणीकडे पाहिलं. तिचं तिलाच दिसलं. तोंड लालेलाल झालं.

 बाईंनी गुडघ्याला दोन शिव्या दिल्या आणि उठल्या. पातेल्यात पाणी उकळलं, मीठ टाकलं, निवत ठेवलं. निवेपर्यंत उरलेली मेथी निवडली. मग थोडं पाणी आपल्या मनगटावर टाकून बघितलं.

शैलाला त्यांनी खुर्चीवर बसवलं. आपण खाली पाटावर बसल्या. या वयात, त्या गुडघ्यांनी.

“बाई, तुम्ही खाली काय बसता...”

“गप बस.”

हात मांडीवर घेतला. खाली वाडगा धरला. चमच्याने पट्टीवर पाणी सोडलं. थोडं. परत थोडं.

आणि थांबल्या.

“भिजली, बाई. ओढा आता.”

बाईंनी परत एक चमचा पाणी सोडलं.

“ओढा की. मला वॉर्डात जायचंय.”

“जा मग.”

शैला उठली नाही.

फोन वाजला. डाव्या हाताने तिने तो बंद केला. गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. बाईंच्या मांडीवर हात तसाच. त्या हाताकडेच बघत होत्या बाई, दुसरं काही नाही.

“त्या दिवशी काच उगीच नाही लागली,” शैला एकदम म्हणाली.

बाईंनी पाणी सोडलं.

“हात थरथरत होता माझा. माझा हात, बाई! कधी थरथरला नाही. हल्ली वॉर्डाचा जिना दिसला की मागे फिरावं वाटतं. घरी पोरांवर ओरडते. नवरा म्हणतो, तू घरात पण इन्चार्ज झालीस. सोडून द्यावी वाटते नोकरी.”

बाईंनी चमचा पुन्हा भरला.

“चाचा ओरडतात ना... तो आवाज घरी येतो माझ्याबरोबर. भाकरी थापताना येतो. म्हणून झटक्यात काढते मी. लवकर संपावं म्हणून. त्यांना सोसत नाही म्हणून नाही, बाई... मला सोसत नाही.”

आणि ती रडली. नर्स रडते तशी, कोपऱ्यात तोंड फिरवून नाही. लहान पोरीसारखी रडली, नाक वाहीपर्यंत.

बाईंनी आपला पदर पुढे केला. “पूस. आणि तो धुऊन दे मला.”

रडता रडता शैलाला हसू फुटलं. पदर घ्यायला तिने उजवाच हात उचलला, आणि तेव्हा तिला दिसलं. हात उघडा होता. पट्टी खाली वाडग्यात तरंगत होती.

“कधी काढलीत?”

“मी कुठे काढली?”

बाईंनी जखम पाहिली, चांगली पुसली, नवी पट्टी बांधली. सैल नाही, घट्ट नाही. शैला त्यांच्या बोटांकडे बघत होती. मग तिचं ते जुनं डोकं पुन्हा चालू झालं.

“पण बाई, मी चाचांना नेमकं बोलू काय?”

“तिन्हीसांजा व्हायला आल्या,” बाई म्हणाल्या. “अजून मला भाजी फोडणीला टाकायची आहे. नीघ तू.”

आठवड्याने शैला परत आली. या वेळी चप्पल काढून आत आली. हातात चाचांच्या घरून आलेला शिरखुर्म्याचा डबा.

“पाय राहिला, बाई! डॉक्टर म्हणाले, कापायची गरज नाही.”

“देवाची दया. त्यांना बोललीस काय मग?”

“काहीच नाही. स्टूल ओढून बसले मी. पाय थोडा बाहेर होता, तेवढ्याच पट्टीवर सलाईन सोडलं आणि थांबले. बराच वेळ चाचा पांघरुणातून बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, हा युनिफॉर्म कोणत्या गाढवाने शिवलाय, खांदा उतरलाय. मग सुरूच झाले. मशीनचं, मेलेल्या बायकोचं, रस्त्यावर पडले होते तेव्हा कुणी थांबलं नाही त्याचं... पट्टी सुटली, तरी बोलतच होते.”

बाईंनी डबा उघडून पाहिला.

“आता सगळ्या पोरींना असंच शिकवणार मी. कुणाची हयगय चालू देणार नाही. मला कळलं, बाई. पेशंटच्या बाबतीत पहिली गोष्ट कोणती...”

“ते राहू दे,” सगुणाबाई म्हणाल्या. “हात दाखव.”