बासनावरची चिठ्ठी

"म्हणजे पान उघडायचंच नाही?" अच्युतबुवांनी विचारलं.

"उघडायची गरजच पडत नाही, बुवा. तेच तर माझं काम!"

तन्मय केसकर तीन दिवस मठात मुक्काम ठोकून होता. आपल्या नव्या प्रोग्रामला बुवांचा होकार घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच आला होता. पोरगा हुशार; पण आपण हुशार आहोत हे समोरच्याला क्षणभरही विसरू देत नसे. मठातल्या नऊशे बारा पोथ्यांचे फोटो त्यानेच संकेतस्थळावर चढवले होते, प्रत्येक पोथीला एक पान. बुवा त्या पोथ्या पंचेचाळीस वर्षं सांभाळत होते.

"पानाच्या माथ्यावर यंत्रापुरत्या चार ओळी लपवलेल्या असतात," तन्मय म्हणाला. "नाव, थोडक्यात माहिती, एखादं चित्र. कुणी पानाची लिंक पाठवली, की माझा प्रोग्राम त्या ओळी उचलतो आणि लिंकखाली कार्ड मांडतो. पाऊण सेकंदात!"

"आणि बाकीचं पान?"

"त्याला हातच लावत नाही."

तन्मयने मोबाइल पुढे केला. नमुना म्हणून एक लिंक त्याने गुरांच्या डॉक्टरांच्या एका ग्रुपवर टाकली होती. खाली सुबक कार्ड उमटलं होतं: 'गाईगुरांच्या रोगांवरील उपचार. हस्तलिखित, चाळीस पाने.'

"त्यांच्यातल्या एकाचा फोन आला होता," बुवा म्हणाले. "डॉक्टर बिडवे. कार्ड बघून उद्या पहाटेच्या एसटीने निघतायत. बारा तासांचा प्रवास."

"बघा! मग बाकीची कार्डं चालू करू ना?"

"हे नाव कार्डाला कुणी सांगितलं?"

"त्या चार ओळींनी."

"ओळींना?"

"मी भरल्या की. बासनावर शिवलेल्या चिठ्ठीवरून."

"आणि चिठ्ठीला?"

बुवा उठले. फडताळातून लाल कापडी बासनात गुंडाळलेली तीच पोथी आणून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली.

"सोड. शेवटचं पान वाच. पोथी आपलं नाव शेवटी सांगते."

तन्मयने गाठ सोडली. अक्षर जुनं, पण बाळबोध होतं. तो अडखळत वाचू लागला आणि मध्येच थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्याचे कान लाल झाले.

पोथी गुरांची नव्हतीच. विहीर खणण्याआधी जमिनीत पाणी आहे की नाही हे कसं ओळखावं, ते तिच्यात सांगितलं होतं.

"दर चैत्रात पोथ्यांना ऊन दाखवतो," बुवा म्हणाले. "बासनं धुतो, वाळवतो, पुन्हा बांधतो. शेवटचं पान बघून मगच बांधायचं, हा आमच्या गुरूंचा दंडक. एका वर्षी वावटळ उठली. मी घाईघाईने हाती येईल ते बासन बांधत सुटलो, शेवटची पानं बघितलीच नाहीत; आणि पुढेही दर वर्षी चिठ्ठ्यांवरच विसंबलो. आज सकाळी डॉक्टरांसाठी पोथी काढायला गेलो, तेव्हा कळलं."

"किती वर्षं झाली त्याला?"

"एकतीस."

तन्मयला लाज वाटली आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"कार्डं बंद ठेवतो," तो म्हणाला. "नऊशे बाराच्या नऊशे बारा पोथ्या सोडणार. प्रत्येकीचं शेवटचं पान वाचणार. दोन वर्षं लागोत, नाहीतर चार लागोत. आता तर मी इथून मुळीच हलत नाही."

बुवांनी मान डोलावली.

मग त्याने डॉक्टरांना फोन लावला. चूक कबूल केली, फोनवरच हात जोडले, निघू नका म्हणून सांगितलं. परत आला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला होता.

"वेळेत थांबवलं, बुवा. वाचलो! कुणाचं काही नुकसान झालं नाही."

बुवा पोथीला नवं बासन बांधत होते. त्यांचे हात थांबले...

"आणि विहिरीसाठी हीच पोथी हवी असून या एकतीस वर्षांत जो निघालाच नाही, त्याला फोन कोण करणार?"