राजाचा अंगठा आणि सोन्याची पळी

सांगा पाहू, मायेनं वाढलेला घास कधी कुणाचा वैरी होतो का? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

एका राज्यात भद्रकेतू नावाचा राजा होता. डोंगराच्या कुशीत त्याचं तळं होतं, तळ्याच्या बांधाला दगडी दार होतं आणि दारापुढे एक काळी शिळा होती. राजानं अनवाणी उजवा पाय शिळेवर भक्कम रोवला की दार उघडे आणि पाणी खालच्या सात गावांना जाई. पूर्वजांनी तसा मंत्रच घालून ठेवला होता. दुसऱ्या कुणाच्या पायाला ते दार बधत नसे.

आणि राजाचा उजवा पाय तर वर्षभर धड भुईला लागला नव्हता. पायाचा अंगठा सुजून पिकल्या डाळिंबासारखा लाल झाला होता. पांघरुणाचं टोक नुसतं टेकलं तरी राजा ओठ चावी. वर तळं काठोकाठ, खाली शेतांना भेगा. रोज सकाळी पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी यायचा आणि दाराबाहेरून विचारायचा, “महाराज आज येतात का?”

राजाची थोरली बहीण मंदाकिनी सांगायची, “आज नाही, बाबा. उद्या बघू.”

एके दिवशी पाटकऱ्यानं विचारलंच नाही. नुसता मान खाली घालून उभा राहिला आणि गेला. ती मान मंदाकिनीच्या मनातून जाईना.

या राजाला तिनंच वाढवलं होतं. तो सात वर्षांचा होता आणि ती एकोणीस, तेव्हा शत्रूनं किल्ल्याला वेढा घातला. आईवडील त्यातच गेले. कोठारं रिती झाली. पोर उकडलेले चिंचोके खाई आणि झोपेत तोंड हलवी. एक दिवस तटाखाली एक मांत्रिक आला. त्याच्या हातात सोन्याची पळी होती.

“हिनं वाढशील तोवर भांडं रितं व्हायचं नाही,” तो म्हणाला.

“मोल काय?”

“तुमच्या घरातला एक शब्द. आता तरी तो तुम्हाला लागत नाही.”

कोणता, ते मंदाकिनीनं विचारलं नाही. भावाचं तोंड हलत होतं, तेवढंच तिला दिसत होतं.

वेढा उठला, भाऊ गादीवर बसला, पंचवीस वर्षं सरली. पळी काही तिच्या हातून सुटली नाही. रोज कलेजी, भेजा, खिमा, तळलेली कोळंबी आणि वर द्राक्षाचं मद्य. राजा ताटावर आडवा हात धरी. ती हसून बोटांवरच वाढी. आग्रहावाचून जेवण ते कसलं, अशीच त्या घरची रीत होती.

अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा, पायाला पायानंच बळ येतं म्हणून तिनं बोकडाच्या पायांचा रस्सा रोज पाजला. दुखणं गुडघ्याला पोचलं. मग घाबरून तिनं कडक निर्जळी उपास घडवले. चौथ्या दिवशी राजा वेदनेनं बेशुद्ध पडला.

तळ्यावर एक म्हातारा करकोचा राहत असे. जन्म एका पायावर काढल्यामुळे पायांचं त्याला सगळं कळे. मंदाकिनी त्याच्यापुढे जाऊन हात जोडून उभी राहिली.

“उशीर केलास,” करकोचा म्हणाला. “अंगठ्यात सुया आहेत. पांढऱ्या, मिठाच्या कणांपेक्षा बारीक. तुझ्याच ताटातून गेल्या.”

“मी विष घातलं नाही.”

“विष कोण म्हणतं? जास्त घातलंस.”

तिनं विचारलं, “आता काय करू?”

“तीन कामं कर. पहिलं, मुदपाकखान्यातून मटण, कलेजी, भेजा, मासळी आणि मद्य बाहेर काढ. दुसरं, चाळीस दिवस ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ आणि लोणी काढलेलं ताक दे. पाणी दिवसभर दे, तू स्वतः ओढलेलं. वैद्याचा काढा सोडू नकोस. काढा जुन्या सुया विरघळवील, ताट नव्या येऊ देणार नाही. आणि उपाशी ठेवू नकोस. उपाशी पोटातही सुया होतात.”

“आणि तिसरं?”

“विकलेला शब्द परत आण.”

“कोणता, तेच मला ठाऊक नाही.”

“मग त्याच्या तोंडाकडे बघ. आजवर तू ताटाकडेच पाहिलंस.”

मंदाकिनीनं त्याच दिवशी मद्याचे बुधले उकिरड्यावर ओतले. आचारी कुरकुरला, “आक्कासाहेब, पाहुणे काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

राजानं ताट पाहिलं आणि विचारलं, “आक्का, माझी गादी गेली का?”

“नाही रे. का?”

“ताट संन्याशाचं आलंय.”

“संन्यासी चालतात तरी,” ती म्हणाली.

विसाव्या दिवशी अंगठा पुन्हा भडकला. राजा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मंदाकिनी मुदपाकखान्यात गेली आणि तिनं पळी साध्या पाण्यात बुडवली. पळी वर आली ती जुन्या सवयीनं दाट, तवंगाच्या रश्शानं भरलेली. घमघमाट सुटला. ती तशीच उभी राहिली, मग रस्सा राखेत ओतला आणि घागर घेऊन विहिरीवर गेली.

चाळिसावा दिवस आला. सूज ओसरली होती, पण पाय राजाचा भार घेईना. पळी दुधीचं भांडंही रितं होऊ देत नसे, आणि मंदाकिनी वाढतच असे. त्या संध्याकाळी राजानं नेहमीसारखा ताटावर आडवा हात धरला. ती नेहमीसारखी बोटांवर वाढणार, एवढ्यात तिला करकोचा आठवला. तिनं मान वर केली.

राजाचे ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले. आवाज नव्हता. पंचवीस वर्षं रोज तो एकच शब्द बोलत होता आणि रोज त्याच्या बोटांवर आमटी सांडत होती.

मंदाकिनीला शब्द कळला, आणि काय परत दिलं की तो परत येईल तेही कळलं. ती उठली आणि पळी घेऊन तळ्यावर गेली.

पळी सोडताना तिची मूठ उघडेना. पळीच्या खोलात एक सात वर्षांचं पोर दिसत होतं, झोपेत तोंड हलवणारं.

“आक्का, भूक,” पोर म्हणालं.

“वेढा उठलाय, बाळा,” ती म्हणाली. “कधीचाच उठलाय.”

तिनं एकेक करून बोटं सोडवली. पळी पाण्यात गेली. साधा डुबुक आवाज झाला, एवढंच.

परत येऊन तिनं लाकडी पळी घेतली, एकदा वाढलं आणि हात मागे घेतला. “आणखी वाढू?”

राजानं आडवा हात धरला. “पुरे,” तो म्हणाला. आवाज सात वर्षांच्या मुलाचा होता, कारण शब्द त्याच वयात गेला होता. तो स्वतःच दचकला. मग आपल्या जाड आवाजात पुन्हा म्हणाला, “पुरे, आक्का.”

मंदाकिनीनं पळी खाली ठेवली. भांड्याचा तळ तिला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दिसला. उरलंसुरलं खरवडून ती जेवली. ते जरा कमीच पडलं, पण ती कुणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा बहिणीच्या खांद्याला धरून बांधापर्यंत चालत गेला आणि त्यानं वाकड्या अंगठ्याचा पाय शिळेवर रोवला. दार उघडलं. सातातली तीन गावं तोवर ओस पडली होती. उरलेल्या चारांत दुपारच्या आत पाणी पोचलं. आधी ते भेगांत गेलं, मग शेतात.