सगळ्यांचं ऐकणारा प्रमुख

एका गावात एकही मूर्ख माणूस नव्हता. म्हणजे एक होता, पण तो पुढे गावचा प्रमुख झाला, त्यामुळे त्याला तसं म्हणायची सोय राहिली नाही.

हे गाव एका तलावाच्या खालच्या अंगाला होतं. वर मातीचा जुना बांध, बांधाच्या एका कडेला सांडवा, आणि सांडव्यात लाकडी फळ्या बसवलेल्या. फळ्या काढल्या की जास्तीचं पाणी ओढ्याला निघून जायचं. पूर्वी ज्याला वाटेल तो फळी काढायचा आणि ज्याला वाटेल तो ती परत बसवायचा, कारण प्रत्येकाकडे आपापलं भक्कम कारण असे. भांडून भांडून थकल्यावर गावाने नियम केला. दर वर्षी एक प्रमुख निवडायचा आणि त्याच्या हुकमाशिवाय कुणी फळीला हात लावायचा नाही.

निवडीची रीत सोपी होती. देवळात दोन मडकी ठेवायची. प्रत्येक घरातल्या एकाने आत जायचं, एका मडक्यात सुपारी टाकायची आणि गुपचूप बाहेर यायचं.

त्या वर्षी दोघे उभे होते. एक गवंडी. बांधाची नस न् नस त्याला ठाऊक होती, पण तोंडाने महाफटकळ, आणि पटलं नाही तर प्रत्यक्ष देवाचंही न ऐकणारा. दुसरा एक गोड हसणारा गृहस्थ. त्याला काहीही सांगा, तो मान डोलावून म्हणायचा, "खरंच की!" एकदा कुणीतरी त्याला गाय अंडी घालते असं सांगितलं, तर हा गोठ्यातलं गवत उचकून बघून आला.

कोण लायक आहे हे सगळ्यांना स्पष्ट कळत होतं. पण शास्त्रीबुवा देवळाची पायरी चढताना थबकले. "गवंडी प्रमुख झाला तर मला कोण विचारणार? त्यापेक्षा हा भोळा बरा. नाव त्याचं, कारभार माझा." वैद्यबुवांनीही हाच विचार केला. सावकाराने केला, सुताराने केला.

बांधाला अगदी लागून एक विणकरीण राहायची. घरात माग आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. गवंडी दर वर्षी तिला बजावायचा, "बाई, तुझं घर बांधाच्या पोटात आहे. ते मोड आणि वरच्या आळीला बांध." तीही मडक्यापाशी थबकली. गवंडी आला तर घर मोडायला लावेल. हा दुसरा आपलं ऐकेल. तिनेही सुपारी भोळ्याच्या मडक्यात टाकली.

ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली आहे, अशी प्रत्येकाची खात्री होती.

मडकी पालथी केली तेव्हा साठ सुपाऱ्यांपैकी अठ्ठावन्न भोळ्याच्या निघाल्या. "काय हे गाव!" असं म्हणत प्रत्येकजण कपाळाला हात लावून घरी गेला, आणि मनातून खूश झाला.

श्रावणात आठ दिवस पावसाने उसंत घेतली नाही. तलाव काठोकाठ भरला. नवव्या दिवशी सकाळी विणकरीण धावत चावडीवर आली.

"अहो, बांध पाझरतोय! माझ्या मागाच्या खड्ड्यात पाणी आलंय. फळ्या काढायला सांगा, आणि मामंजींना उचलायला चार माणसं द्या."

"खरंच की!" प्रमुख उठला. "काढा रे फळ्या!"

तेवढ्यात वैद्यबुवा म्हणाले, "थांबा. ओढ्याकाठी विहिरी आहेत. गढूळ पाणी त्यांत शिरलं तर घरोघरी रोगराई होईल."

"खरंच की! राहू द्या फळ्या."

"अर्ध्या काढा," शास्त्रीबुवांनी सुचवलं.

"हेही खरंच की!"

सुतार म्हणाला, "अर्ध्या काढल्या तर उरलेल्यांवर ताण येऊन त्या मोडतील." सावकार म्हणाला, "आधी त्या चार माणसांना माझी धान्याची पोती हलवू द्या, त्यावर सगळं गाव जगणार आहे." एकाचंही बोलणं चुकीचं नव्हतं. प्रमुखाने सगळ्यांच्या म्हणण्याला मान डोलावली, आणि चार माणसं पोत्यांकडे गेली.

गवंड्याने पहार उचलली आणि तो तडक सांडव्याकडे निघाला. शास्त्रीबुवा आडवे आले. "हुकूम नाही. आज तू चांगल्यासाठी नियम मोडशील, उद्या दुसरा वाईटासाठी मोडेल."

मुद्दा बिनतोड होता. पाचसहा जणांनी गवंड्याला धरून ठेवलं. तो ओरडत राहिला आणि ते त्याला समजावत राहिले.

विणकरीण एकटीच घराकडे पळाली. ती आपल्या आळीच्या तोंडाशी पोचली आणि बांध फुटला.

दुपारी, पळून वाचलेलं गाव शेजारच्या टेकडीवर बसलं होतं. खाली घरं नव्हती, नुसता चिखल होता. तरी चर्चा सुरू झालीच. या माणसाला निवडलं कुणी, असा प्रश्न निघाला. आपण नाही, हे प्रत्येकाने व्यवस्थित पटवून दिलं.

प्रमुख रडत होता. तो म्हणाला, "माझं काय चुकलं ते तरी सांगा. तुम्ही जे जे सांगितलंत, ते सगळं मी ऐकलं."

मग विणकरीण उभी राहिली. ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

"माझी सुपारी यालाच होती," ती म्हणाली. "घर वाचावं म्हणून टाकली. आता मामंजींना कुठे शोधू, तेवढं कुणीतरी सांगा."

शास्त्रीबुवांनी हळूच आठवण करून दिली, की प्रमुख वर्षासाठी निवडला आहे आणि वर्ष संपायला अजून सात महिने आहेत. ते सगळ्यांना पटलं.

तात्पर्य: मूर्खाच्या हाती कारभार जायला गाव मूर्ख असावं लागत नाही. गावातल्या प्रत्येकाने स्वतःला बाकीच्यांपेक्षा शहाणं समजलं की पुरतं.