पेडलांवरचे पाय

विमान आकाशात कसे न्यावे हे शिकवणारे गुरू पुष्कळ भेटतात. पण तेच विमान जमिनीवर कसे चालवावे, यासाठी जीव ओतणारे एक म्हातारे गुरुजी एकदा एका आडगावच्या धावपट्टीवर होऊन गेले. तिथल्या बाकीच्या शिक्षकांना मुले ‘सर’ म्हणत. यांना मात्र सगळे गुरुजीच म्हणत.

तुम्हांआम्हांला वाटते, जमिनीवर काय कठीण आहे, मोटारीसारखे चालवायचे. इथेच तर सगळे फसतात. लहान विमानाचे हातातले चाक जमिनीवर कितीही फिरवा, विमान ढिम्म वळत नाही. ते वळते पायांनी. पेडल दाबले की नाकाखालचे चाक वळते, आणि तेही लगेच नाही. मधे स्प्रिंग असते, ती क्षणभर आढेवेढे घेते. त्यात वारा आडवा असला तर तो शेपटीला ढकलतो आणि विमानाचे नाक वाऱ्याकडे तोंड करू लागते. नवशिका घाबरून पेडल जोरात दाबतो, विमान भलतीकडे पळते, तो दुसरे पेडल दाबतो, आणि नागमोडी वळणे घेत स्वारी शेवटी गवतात जाते. म्हणून गुरुजी नव्या मुलांना बरेच दिवस उडूच देत नसत. मुले कुरकुरली की सांगत, आभाळ मोठ्या मनाचे आहे, ते चुका पोटात घालते; जमीन घालत नाही.

त्यांचा एक शिष्य होता. डोळ्यांच्या दोषामुळे त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला नाही. दुसरा कोणी असता तर त्याने विमानाचे नाव टाकले असते. याने काय करावे? चांगली नोकरी सोडली, एक शेड भाड्याने घेतली आणि विमानाचा सिम्युलेटर, म्हणजे खोलीत बसून विमान चालवायला शिकायचे यंत्र, बांधायला घेतला. खरी खुर्ची, खरी पेडले, समोर पडद्यावर धावपट्टी. बाजारातल्या सिम्युलेटरमधली विमाने हवेत झकास उडतात, पण जमिनीवर खेळण्यातल्या गाडीसारखी वळतात, हे त्याला खुपत असे. गुरुजींनी शिकवलेली जमीन त्याला त्यात आणायची होती. स्प्रिंगचे आढेवेढे, वाऱ्याकडे वळणारे नाक, ब्रेक एका बाजूला जास्त लागला तर बसणारा हिसका, सगळे त्याने जीव लावून उतरवले. खरोखर, त्याच्या चिकाटीला हात जोडावेत असे ते काम होते.

काम पुरे झाले तेव्हा एक व्यापारी ते बघायला येणार असे ठरले. या शेठजींच्या वैमानिक घडवणाऱ्या संस्था गावोगावी होत्या. त्यांनी यंत्र घेतले तर शिष्याचे भले होणार होते. नाही घेतले तर शेडला कुलूप लावून पुन्हा नोकरी शोधावी लागणार होती. शेठजींची अट एकच होती. आपल्याला विमानातले काही कळत नाही, गुरुजींनी चालवून पाहावे, ते म्हणतील तसे.

गुरुजींच्या कसबाबद्दल शिष्याला शंका नव्हती. पण त्यांच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. तेव्हापासून ते खऱ्या विमानात बसले नव्हते. आपण इतक्या खऱ्या केलेल्या यंत्राने या म्हाताऱ्या पायांचे ऐकले नाही तर? परक्या माणसासमोर गुरुजी गवतात गेले तर? यंत्र विकले जाणार नाही ते नाहीच, पण गुरुजींची शोभा होईल, हे त्याला सहन होईना. म्हणून त्याने कोणाला न सांगता यंत्रात एक छुपी मदत घातली. पाय चुकला तरी विमान आपले आपण जमिनीवरच्या, वाट दाखवणाऱ्या पिवळ्या रेघेवर येईल आणि ती संपेल तिथे थांबेल अशी.

ठरल्या दिवशी गुरुजी आले, काठी टेकवून खुर्चीत बसले. त्यांनी डावीकडून जोराचा वारा लावायला सांगितले. पडद्यावरचे विमान हँगरमधून, आपल्या गोठ्यातून, निघाले, रेघेवरून सुतासारखे सरळ चालू लागले. थोडे अंतर गेले असेल नसेल, तोच गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी दोन्ही पाय पेडलांवरून उचलून बाजूला ठेवले आणि हाताची घडी घालून, देवळात कीर्तन ऐकायला बसावे तसे ते शांत बसून राहिले. विमान चालतच राहिले. वळण आले, तेही त्याने घेतले. धावपट्टीच्या तोंडाशी नेमके येऊन उभे राहिले.

शेठजी बेहद्द खूश झाले. पाय न लावता इतके सरळ, मग मुले तर डोक्यावर घेतील, हेच द्या म्हणाले. शिष्याची मान मात्र वर होईना. त्याची चोरी पकडली गेली होती आणि पकडणाऱ्याने अजून शब्दही काढला नव्हता.

गुरुजी सावकाश त्याच्याकडे वळले. “माझी लाज राखावी म्हणून केलंस, कळलं मला,” ते म्हणाले. “तुझी माया खोटी नाही. पण बाळ, उद्या इथे एखादी पोर शिकायला बसेल. तिचे पाय चुकतील, तुझं यंत्र ते झाकेल, आणि तिला वाटेल आपल्याला येतंय. मग एक दिवस ती खऱ्या विमानात बसेल. वारा असाच डावीकडून येईल, नाक वळायला लागेल. तिथे तुझी मदत नसेल आणि तिचे पाय झोपलेले असतील. तिला कोण सांभाळणार?”

मग शिष्याने शेठजींना हात जोडून सगळे सांगून टाकले. सौदा हातातून जातो आहे हे दिसत असताना सांगितले, हे महत्त्वाचे. शेठजींचा चेहरा उतरला. शिष्याने ती मदत काढून टाकली आणि बाजूला उभा राहिला.

गुरुजींनी पुन्हा पेडलांवर पाय ठेवले. विमान निघाले. मोकळ्यावर येताच नाक डावीकडे वळू लागले, गुरुजींनी उजवे पेडल दाबले, पण गुडघ्याने वेळ लावला. विमान रेघ सोडून, खडखडत, सरळ गवतात गेले. शेठजी खजील होऊन दुसरीकडे बघू लागले. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले.

आणि गुरुजी हसत होते. चांगले मोकळे हसत होते.

“माझा उजवा पाय उशिरा पोहोचतो,” ते म्हणाले. “घरचे म्हणतात, काही नाही, तुम्ही अगदी पहिल्यासारखे. डॉक्टरही पाठ थोपटतात. मला खरं सांगितलं ते तुझ्या या विमानाने. आता यावर मला शिकता येईल. रोज सकाळी येऊ ना?”

शिष्याने वाकून त्यांच्या त्याच गुडघ्याला हात लावला. शेठजी त्या दोघांकडे पाहून म्हणाले, की गुरुजी जिथे शिकायला बसतात ते यंत्र आपल्या मुलांनाही चालेल; मात्र आता दाखवले तसेच द्यावे, मघाचे नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी खरोखरच आले. विमान पुन्हा डावीकडे ओढ घेऊ लागले. मागे उभ्या असलेल्या शिष्याचे हात आपोआप पुढे सरसावले. ते त्याने मागे घेतले, पाठीशी घट्ट धरले, आणि गुरुजींचा पाय पेडलापर्यंत पोहोचण्याची वाट पाहत तो उभा राहिला.