माळढोकासाठी मागितलेला माळ

सोनेरी गवताचा एक माळ होता. त्या माळावर एक भोकंभोकं पडलेलं पाल होतं आणि पालात ठकू आणि तिची आई राहायच्या. वारा आत शिरला की आई खोकून खोकून बेजार व्हायची. ठकू अनवाणी शेळ्या राखायची. पण काय गुणाची पोर होती! माळावर एकच माळढोक पक्षीण उरली होती. तिनं गवतात अंडं घातलं होतं, तर तिकडे ठकू शेळ्यांना फिरकूसुद्धा द्यायची नाही.

एका दुपारी गवताच्या तुऱ्यावर काहीतरी चमचमलं. बघते तर काय, बोटभर उंचीची परी! पंख चतुराचे, झगा तरवडाच्या फुलांचा, पिवळाधमक.

"ठकूबाई, दोन इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम ऐक हं. तुझी नजर पोचेल तिथवरच इच्छा फळेल."

दोन? ठकूला आनंदानं घेरीच यायची बाकी होती! एक इच्छा तिनं मनात राखून ठेवली, आईच्या उबदार घरासाठी. आणि पहिली? "बिचारी पक्षीण उन्हात बसते गं. तिला सावलीला झाडं दे, खूप खूप झाडं!"

छुम्! हिरवीगार, उंचच उंच झाडं उभी राहिली. पक्षीण मात्र घाबरली. तिला लांबवरचं दिसेना, मोकळं धावता येईना. अंडं टाकून ती उडाली ती उडालीच.

"अगं बाई, हे काय करून बसले मी!" ठकूला रडू कोसळलं. सावलीत अंडं गार पडायला लागलं होतं. "परी, माळ परत दे ना!"

"देईन. पण इथून तुला दिसतंय किती? अंगणाएवढा माळ मिळेल, पक्षिणीला तो कसा पुरायचा? आणि आईच्या घराचं काय?"

ठकूला आईचा खोकला आठवला. पण ती सगळ्यात उंच झाडावर चढायला लागली. गुडघे सोलवटले, हात भरून आले. शेंड्यावरून पार डोंगरापर्यंतचा मुलूख दिसला.

"तो सगळा माळ होऊ दे! हरणांचा, लांडग्यांचा, माळढोकांचा!"

झाडं विरली. ठकू अलगद गवतात उतरली. लांबून पक्षीण धावत आली आणि अंड्यावर पंख पसरून बसली.

"घर राहिलंच की तुझं," परी हसली. "मग हे माझ्याकडून घे." तिनं झग्याची एक पाकळी वाऱ्यावर सोडली. ती वाढत वाढत गेली आणि पालावर उबदार छप्पर होऊन बसली. केशरी उजेडाचा एक लखलखाट झाला, आणि परी दिसेनाशी झाली.

आई धावत बाहेर आली. आज तिला खोकला नव्हता. "ठके, हे गं कुणी दिलं?" ती ओरडलीच.

"हळू गं आये!" ठकू कुजबुजली. "अंडं फुटतंय."